आत्याकडे जातेस तर राहायला जा

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझं सहलीचं वेळापत्रक वाचलं. लंडन, एडिंबरा सगळं ऐसपैस, आणि कॉट्सवोल्ड्समधल्या, म्हणजे इंग्लंडच्या त्या खेड्यापाड्यांच्या भागातल्या, आत्याकडे मात्र ‘दुपारी जाऊन संध्याकाळी परत’. एवढंच करायचं असेल तर जाऊच नकोस, व्हिडिओ कॉल कर. तू येणार म्हणून ती आठ दिवस आधीपासून फ्रीझर भरणार आणि तू चहाचा कप हातात धरून परतीची गाडी बघणार! किमान दोन रात्री राहा, आणि मधला दिवस पूर्ण मोकळा ठेव. त्या दिवशी काय करायचं ते आत्या-आतोबांना ठरवू दे.

लंडनच्या पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डमार्गे मोर्टन-इन-मार्शला, म्हणजे आत्याच्या जवळच्या स्टेशनला, थेट गाडी आहे, साधारण दीड-पावणेदोन तासांची. वाटेतल्या लहान स्थानकांवर फलाट आखूड असतात आणि काही ठिकाणी ठरावीक डब्यांचीच दारं उघडतात, त्यामुळे घोषणेकडे कान असू दे. खरी अडचण पुढे आहे. स्टेशनबाहेर रिक्षा नसते, खेड्यांत बस मोजक्याच आणि रविवारी बहुधा नाहीतच. म्हणजे आतोबाच गाडी काढणार. रस्ते एका गाडीपुरते, दोन्हीकडे उंच कुंपणझाडं, समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यायची पाळी. या वयात त्यांना अंधारात ते करायला लावू नकोस. उजेडी पोहोचशील अशी गाडी धर. आणि ‘मला तिकडे सोडाल का, इकडे न्याल का’ हेही दिवसातून एकदाच.

पेढे आणि तूप नेऊ नकोस. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी ने. लंडनकरांना १९३२पासून महाराष्ट्र मंडळ आहे, आत्याच्या गावात ती स्वतःच मंडळ.

घरातल्या एका गोष्टीची आधीच कल्पना देतो. तिथल्या न्हाणीघरात जमिनीला मोरी नसते, पाणी टबातच राहिलं पाहिजे. शिवाय अशा बऱ्याच खेड्यांत गॅसची लाइन नाही. अंगणातल्या टाकीत तेल भरून घेतात आणि त्यावर घर तापवतात. तेव्हा अर्धा तास शॉवर नको, आणि थंडी वाजली तर परस्पर हीटिंग वाढवू नकोस. स्वेटर घाल.

मोकळ्या दिवशी आतोबांबरोबर चालायला जा. हे मी आग्रहाने सांगतोय. तिथल्या पायवाटा खाजगी शेतांमधून जातात, पण त्यांवरून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा असेल तर घोडा आणि सायकललाही मुभा. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, बंद तर बंद. गाय आणि तिचं वासरू यांच्या मधून कधीही जायचं नाही, लांबून वळसा घाल. बूट भिजणार हे धरूनच चाल.

मोर्टनजवळच्या सीझिनकोटच्या आवारातूनही अशी पायवाट जाते. मेंढ्या चरताहेत आणि समोर हिरवट तांब्याचा घुमट! ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याचा वास्तुविशारद भाऊ सॅम्युअल याने १८०५च्या सुमारास मोगल थाटात बांधलेलं हे घर. बागेतल्या पुलावर नंदी बसलेत. बाग ठरावीक दिवशीच उघडी असते, ते आधी बघून घे. नाहीतर पायवाटेवरून घुमट तरी दिसतोच. पैसा कुठून आला यावर आतोबांशी वाद घालायचा असेल तर खुशाल घाल. चाळीस वर्षं एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, इंग्रज पेशंट तपासून त्यांची मतं चांगली टोकदार झाली आहेत, आणि मराठीत भांडायला माणूस मिळत नाही ही त्यांची जुनी तक्रार आहे.

पबमध्ये जेवायला नेलं तर वेटरची वाट पाहू नकोस, बहुतेक ठिकाणी ऑर्डर बारवर जाऊन द्यावी लागते. तीच संधी साधून पैसे तू देऊन टाक. टेबलावर ते तुला देऊ देणार नाहीत.

तिकीट ऑफ-पीक रिटर्नच काढ, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून कुठल्याही गाडीला चालणारं जाण्यायेण्याचं. ठरावीक गाडीचं ॲडव्हान्स स्वस्त पडतं, पण मग आत्या ‘उद्या जा’ म्हणाली की तुझी पंचाईत. ती म्हणणारच.

तुझा,
काका