तुर्कीतल्या अंताल्याहून केकोवा बेटाची बोट ट्रिप करावी का? सोबत साठीपुढचे आईबाबा आहेत आणि पोहायची हौस असलेला मुलगा. बुडालेलं शहर खरंच दिसतं का?

दिसतं हो, पण पाण्याखाली अख्खी देवळं नि रस्ते दिसतील अशी कल्पना असेल तर आधीच सांगतो, तसं काही नाहीये. केकोवा बेटाच्या उत्तरेकडच्या काठाला खडकात कोरलेल्या पायऱ्या सरळ समुद्रात उतरतात, घरांच्या भिंती अर्ध्या वर अर्ध्या पाण्यात, आणि नीट बघितलं तर खाली पायाचे चौकोन नि फुटक्या रांजणांची खापरं दिसतात. बोटवाले तिथे वेग कमी करतात आणि पुढे निघतात. १९९० पासून हा भाग संरक्षित आहे, अवशेषांपाशी पोहायला नि डायव्हिंगला बंदी आहे, त्यामुळे "बुडालेल्या शहरात स्नॉर्कलिंग" असं कोणी जाहिरातीत लिहिलं असेल तर सरळ दुसरा एजंट बघा. पोहायला बोटी जवळच्याच दुसऱ्या खाड्यांमध्ये थांबतात, मुलाची हौस तिथे भागेल. काचेच्या तळाच्या बोटीला जास्त पैसे द्यायची गरज मला तरी वाटली नाही, पाणी इतकं नितळ असतं की कठड्यावरून वाकून जास्त छान दिसतं.

बाकी "एका रात्रीत शहर गडप झालं" हे गाईडचं ठरलेलं वाक्य आहे, ते कानामागे टाका. दुसऱ्या शतकात या भागात मोठे भूकंप झाले हे खरं (इ.स. १४१ च्या भूकंपानंतर ओप्रामोआस नावाच्या एका गडगंज माणसाने लिसियातल्या (या किनारपट्टीचं प्राचीन नाव) गावोगावच्या डागडुजीला पैसे दिले, त्याचे शिलालेख आहेत), पण त्याशिवाय हा किनाराच हळूहळू खचत आलाय.

आता मुख्य मुद्दा, ट्रिप जरूर करा पण अंताल्याची बस-टूर घेऊन नको. तुमच्यासोबत साठीपुढचे आईबाबा आहेत म्हणालात, बसने जायला अडीच-तीन तास, यायला तेवढेच, आणि मधे बोटीवर जेमतेम थोडा वेळ, शिवाय रस्त्यात कुठल्यातरी दुकानात उतरवतात ते वेगळंच. त्यापेक्षा एक रात्र केकोवाजवळच्या काश किंवा डेमरे गावात काढा. काशहून निघणारी बोट बराच वेळ उघड्या समुद्रातून जाते, दुपारनंतर वारा सुटला की चांगलीच हलते, ज्यांना बोट लागते त्यांचे हाल. बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या उचाअझ गावापर्यंत रस्त्याने जाऊन तिथून छोटी बोट घेतलीत तर सगळा प्रवास बेटाच्या आडोशाच्या शांत पाण्यात होतो. आईबाबांसाठी हेच बरं.

आणि बोटवाल्याला निघायच्या आधीच सांगा, सिमेना या प्राचीन गावाला किमान दीड तास हवा. त्याला आता कालेकॉय म्हणतात, गाडीरस्ता नाही, बोटीने किंवा पायवाटेनेच पोचता येतं. वर किल्ला, किल्ल्याच्या आत खडकात कोरलेलं इवलंसं थिएटर, आणि खाली पाण्यात उभी असलेली ती दगडी शवपेटी, झाकण पालथ्या होडीसारखं, सगळ्या पोस्टकार्डांवर असते तीच. चढ थोडा आहे, पण आईबाबांना नाही जमलं तरी खाली धक्क्यावर घरगुती आइस्क्रीम खात बसता येतं, ते चुकवू नका.

डेमरेच्या बाजूने आलात तर बोटी जिथून सुटतात तेच जुनं आंद्रियाके बंदर, प्राचीन मायरा शहराचं (आजचं डेमरे). रोमन बादशहा हेड्रियनच्या काळातलं भलंमोठं धान्याचं कोठार अजून उभं आहे, आता त्यात म्युझियम केलंय. इजिप्तचं धान्य रोमला नेणारी जहाजं या किनाऱ्याने जायची, बायबलमध्ये कैदी पॉलला मायरालाच असल्या अलेक्झांड्रियाच्या जहाजात चढवलं असं आहे. मुलाला मात्र सांताक्लॉजची गोष्ट सांगा: चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस, तीन गरीब मुलींच्या हुंड्यासाठी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकून गेला अशी दंतकथा. १०८७ मध्ये इटलीतल्या बारीच्या खलाशांनी त्याची हाडं उचलून नेली, ही मात्र दंतकथा नाही! चर्च डेमरे गावातच आहे.

ग्रीक दंतकथेतला तोंडातून आग ओकणारा कायमेरा राक्षस हवा असेल तर तो या बोटीच्या वाटेवर नाही, त्यासाठी चिरालीजवळ यानार्ताशला संध्याकाळी चढून जायचं, तिथे त्याचीच आग समजल्या जाणाऱ्या, खडकातून झिरपणाऱ्या गॅसच्या ज्वाळा दिवसरात्र जळत असतात. अंताल्याला परतताना वाटेत पडतं, जमवाच.

जेवण बोटीवर असतं, मासे किंवा चिकन, सोबत सॅलड नि पास्ता. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर नुसता पास्ता नि टोमॅटो-काकडी मिळेल, आणि पाणी-कोल्ड्रिंकचे पैसे बहुतेक वेळा वेगळे असतात तेही आधीच विचारून घ्या. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा, ऊन भाजून काढतं, मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट.