स्टेजवरचा हात आणि माइकसमोरचा हात

तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला खरं तर. पुण्याच्या स्टुडिओतून ढोलकीसाठी पहिलं बोलावणं आलंय आणि तू विचारालीस की काका नवीन काय काय बसवून जाऊ. अगं, नवीन काहीच नको. आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसात तुला वाजवताना ऐकलंय मी, हात तयार आहे तुझा, आहे तेवढं पुरून उरतंय. पण तो स्टेजचा हात आहे. माइकसमोर वेगळा हात लागतो आणि तो आजपासून बसवायला घे, एवढंच सांगायचंय मला, बाकी जे लिहितोय ते सगळं त्याच्याच आजूबाजूचं.

स्टेजवर काय असतंय, समोर पब्लिक असतं, शिट्ट्या असतात, एखादी थाप हलकी पडली तरी वाहून जाते आणि लगेच पुढच्या तिहाईला, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर आलीस की, टाळ्या मिळतात. स्टुडिओत कंडेन्सर माइक शाईपासून, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या गोलापासून, वीत-दीड वीत अंतरावर असतो, कानात हेडफोन, हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, आणि काचेपलीकडं रेकॉर्डिस्टला तुझी एकेक थाप स्क्रीनवर रेघेसारखी दिसत असते. तिसऱ्या कडव्यातली थाप पहिल्या कडव्यातल्या थापेच्याच वजनाची लागते. का, तर मधला एक तुकडा बिघडला की तो म्हणतो, "पंच करू या", म्हणजे तेवढ्याच दोन ओळी परत वाजवायच्या आणि त्या आधीच्याला अशा चिकटल्या पाहिजेत की सांधा ऐकू येऊ नये. कधी तर तोच पीस जसाच्या तसा दोनदा वाजवून घेतात, एक डावीकडं एक उजवीकडं टाकायला, आवाज भरीव होतो त्यानं. हात रोज वेगळा पडणाऱ्याला हे जमत नाही, मग तो कितीही तयारीचा असू दे.

तर रियाज असा कर. मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं ॲप, मिनिटाला 60 ठोक्यांवर लाव आणि साधा केरवा ताल धर, काही भरायचं नाही, लग्गी नाही, तुकडा नाही. कंटाळा येईल, येऊ दे. 120 ला पळणं सोपं असतंय, 60 ला दोन थापांच्या मधली जागा सांभाळणं अवघड, तिथंच हात पुढं पळतो. ते बसलं की लय तीच ठेवून क्लिक 30 वर आण, म्हणजे एक मात्रा सोडून एक ठोका मिळेल, मग 15 वर, म्हणजे आठ मात्रांच्या केरव्यात फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेला ठोका येईल आणि मधलं सगळं तुझ्या अंगातून यायला पाहिजे. काही ॲप इतकं खाली उतरत नाहीत, उतरणारं शोध. हे चालू असताना फोन शेजारी ठेवून रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच दिवशी नको, त्या दिवशी आपल्याला आपलं सगळं चांगलंच वाटतं. ऐकताना धूमेकडं, म्हणजे ढोलकीच्या खर्ज बाजूकडं, लक्ष दे. तुझा घुमारा, थापेमागं रेंगाळणारा आवाज, लांबतोय, पुढच्या बोलावर सांडतोय, स्टेजवर ते गोड लागतं पण गाण्यात बेस गिटार असली की दोघं एकाच जागेवर भांडतात आणि मग म्युझिक डायरेक्टर म्हणतो घुमारा कमी करा. तळहात टेकवून तो बंद करायची सवय लाव, घिस्सा, म्हणजे तळहात घासून काढलेला आवाज, मागितला तरच दे.

आता वाद्याचं. निघायच्या आधी फोन करून स्केल, म्हणजे गाण्याची पट्टी, आणि टेम्पो विचारायचाच, लाजायचं नाही, "स्केल काय आहे आणि बीपीएम किती" एवढंच. पेटीवरच्या काळी एक पट्टीचं गाणं आणि तू ढोलकी नेलीस पांढरी चारची, तर तिथं हातोडी मारत बसशील आणि शिफ्टचा वेळ जाईल. जमलं तर दोन ढोलक्या ने. आणि हवा लक्षात ठेव, कातडं हवेवर चालतं. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात, चाळीसच्या वर पारा गेला की हवा कोरडी पडते, कातडं ताणतं, सूर चढतो. तीच ढोलकी पावसाळ्यात मुंबईला उतरवलीस की दमट हवेनं सूर बसतो, आणि परत स्टुडिओत एसी, म्हणजे तासाभरात तिसरीच तऱ्हा. म्हणून पोचल्या पोचल्या पिशवीतून काढून बूथमध्येच ठेव, अर्धा तास तरी त्या हवेत बसू दे, मग सूर लाव. गडबडीत आधी लावलास तर दुसऱ्या टेकला परत लावावा लागतो आणि पहिला टेक वाया. हलगीचं तर त्याहून अवघड, आपण इकडं जाळावर शेकतो, तिथं जाळ कुठला, त्यामुळं कातड्याऐवजी फायबरचं पान असलेली एक जवळ असू दे. आणि हलगी शीकच तू, आपल्या गल्लीत कानावर पडून मोठी झालीस, तो आवाज खऱ्या वळणासकट मागणारे लोक आता बरेच आहेत.

बूथमध्ये बसायच्या आधी बांगड्या, घड्याळ काढून ठेव, सळसळणारा कपडा नको, सुती घाल. वाजवताना मोबाईल बाहेर. खुर्ची करकरत असेल तर बदलून माग, माइक ते ऐकतो. माइक लागला की खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर टेप मार आणि माइक कुठं आहे त्याचा फोटो काढून ठेव, कारण जेवायला उठून परत आलीस आणि चार बोटं पुढं सरकून बसलीस तरी धूम जाड येते, माइक जवळ गेला की खालचा आवाज फुगतो, आणि सकाळचा नि दुपारचा पीस जुळत नाही. रेकॉर्डिस्टला वाटतं तुझा हात बदलला. हेडफोनचा एक कान उघडा ठेवायची आपल्या लोकांना सवय असते, तसं केलंस तर क्लिक माइकमध्ये गळतो आणि गाणं शेवटी शांत झालं की टिकटिक ऐकू येते. दोन्ही कान बंद, आणि तुझी ढोलकी हेडफोनमध्ये थोडी वाढवून माग. आवाज मात्र एकूण कमीच ठेव. 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात असं मानतात, तिथून दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 91 ला फक्त दोन तास. कान गेले तर हाताचं काय करणार.

वाजवून झालं की बाहेर येऊन ऐकायला बस, कुणी बोलावलं नाही तरी विचारून बस. आपण जीव तोडून वाजवलेला तुकडा कधीकधी गाण्याला नको असतो, ते तिथं बसल्यावर कळतं. "इथं काही वाजवू नका" असं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, शब्द ऐक त्या जागेवरचे, बहुतेक वेळा ते बरोबर असतात.

मुंबई-पुण्याला राहायला जावं का म्हणून विचारलंयस. आत्ता नको. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली की दुपारच्या शिफ्टला पुण्यात आरामात पोचतेस, मुंबईसाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे. ढोलकी सीटखाली सरकवू नकोस, वरच्या बर्थवर डोक्याशी घेऊन झोप, कातड्याला दोन्हीकडून कापडाची चकती लाव. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायची तर खुशाल ने, पण चटणीचा तेलकट हात साबणानं धुतल्याशिवाय शाईला लावायचा नाही. रात्री उशिरा शिफ्ट संपणार असेल तर कुठं थांबायचं ते आधी ठरव आणि आईला पत्ता देऊन ठेव, यात भिडस्तपणा नको. खोलीचं भाडं भरायला म्हणून वाट्टेल ते काम घ्यावं लागलं की रियाज पहिला सुटतो, हे मी चांगल्या चांगल्या पोरांचं बघितलंय. इथं राहा, आकाशवाणी सोलापूरची ऑडिशन दे, ग्रेड मिळते, आणि मुख्य म्हणजे माइकसमोर बसायची सवय लागते.

घरून रेकॉर्डिंग करून पाठवायचं चाललंय आजकाल, तेही हळूहळू शीक. तुमच्या घरामागं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात, त्याची धडधड जमिनीतून माइकमध्ये शिरते. भिंतीला सोलापुरी चादरी लावून ती जाणार नाही, चादरीनं खोलीतला वरचा खणखणाट तेवढा कमी होतो, त्याला तरी जाड वाकळ बरी. धडधडीला उपाय एकच, लूम बंद असतील तेव्हा वाजव. फाइल एमपीथ्री नको, वेव्ह पाठव, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, आणि ट्रॅकच्या शून्यापासून सुरू झालेली, म्हणजे समोरच्याला जुळवत बसावं लागत नाही.

पैशाचं आधी बोल. गाण्यामागं की शिफ्टमागं, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा की त्यातच, आणि ठरलं की व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून पाठव. काम झाल्यावर बोलणाऱ्याला जे मिळेल ते घ्यावं लागतं. पॅन दे, टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स, असेल तर इन्कम टॅक्सच्या साइटवर तुझ्या नावावर दिसतोय का बघ, रिटर्न भर, कापलेलं परत मिळू शकतं. सहीला कागद पुढं आला तर घरी नेऊन वाचायला माग. वाजवणाऱ्याचाही हक्क कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीपासून आहे, 2012 च्या दुरुस्तीनं तो आणखी पक्का झाला, सगळं कायमचं देऊन टाकतेय असं कुठं लिहिलंय का तेवढं नक्की बघ. आणि नाव कुठं येणार तेही विचार, त्यात उद्धटपणा काही नाही.

रविवारी सकाळी ढोलकी घेऊन ये, धूमेच्या कातड्याला लावलेला मसाला मला सुकल्यासारखा वाटला परवा, तो बदलून घेऊ. येताना क्लिकवर वाजवलेलं रेकॉर्डिंग आण, आणि त्यांच्याकडून स्केल कळलं की लगेच मला टाक, कुठली ढोलकी न्यायची ते बघून सांगतो.