टेम्प्लॉटमध्ये तिहेरी सांधा

प्रश्न : मी मॉडेल रेल्वेच्या ईएम गेजमध्ये (दोन रुळांमधलं अंतर 18.2 मि.मी.) ब्रिटिश पद्धतीचा तिहेरी सांधा, म्हणजे एका मार्गाच्या तीन वाटा होतात ती जागा, टेम्प्लॉट या रूळ-आराखड्यांच्या सॉफ्टवेअरवर काढतोय. दोन साध्या सांध्यांची टेम्प्लेट (आराखडे) एकमेकांवर ठेवली, पण स्लीपर एकमेकांत घुसतात आणि मधलं क्रॉसिंग (रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) दिसतच नाही. काय चुकतंय?

उत्तर : चुकलेलं काही नाही, काम अर्धं झालंय. तिहेरी सांध्याला क्रॉसिंग तीन लागतात. तुमच्या दोन टेम्प्लेटनी दोन दिली. वळणाऱ्या दोन वाटांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथलं तिसरं दोन्हींत नसतं. त्यासाठी अर्ध्या डायमंडचं (दोन मार्ग एकमेकांना छेदून जातात त्या जागेच्या अर्ध्या भागाचं) वेगळं टेम्प्लेट घ्या, छेदाच्या जागी आणा आणि रूळ खालच्या रेषांवर तंतोतंत बसेपर्यंत कोन व वक्रता बदला. नको ते रूळ त्यानंतरच वगळा. आधी वगळलेत तर जुळवायला रेषाच उरत नाही.

स्लीपरचं काम खरं चिकाटीचं. स्लीपर हलवायची ‘शव्ह टिंबर्स’ ही सोय उघडा. एका टेम्प्लेटचे घुसणारे स्लीपर सरळ काढून टाका, दुसऱ्याचे दोन्ही वाटांखाली पोहोचतील इतके लांबवा, किंचित फिरवा. क्रॉसिंगच्या नाकाखालचा (रूळ जुळतात त्या टोकाखालचा) स्लीपर मात्र हलवू नका, सगळा भार तिथेच येतो. स्लीपरची रुंदीही तशीच ठेवा : खऱ्या 12 इंचांचे मॉडेलमध्ये 4 मि.मी.

छापण्याआधी प्रिंटर कॅलिब्रेट करा. 200 मि.मी.ची रेघ 199 भरली तर पानांचे जोड सरकतात. गेज मात्र कागदावरून कधीच घेऊ नका. रूळ बसवताना धातूचे ट्रॅक गेज वापरा आणि चेक रेलची (क्रॉसिंगवर चाक भरकटू नये म्हणून लावलेल्या जादा रुळाची) फट 1 मि.मी. ठेवा.