कायदा-सल्ला : संशय कुठवर पुरतो, पुरावा कुठून लागतो?

प्रश्न : अटक झाली, आरोपपत्र दाखल झालं, न्यायालयाने आरोपही निश्चित केले. तरी आरोपी निर्दोष सुटला. मग आधीचं सगळं खोटंच होतं का?

उत्तर : तसं नाही. प्रत्येक टप्प्यावर लागणारा पुरावा कमी-जास्त असतो. अटकेला वाजवी संशय पुरतो. आरोप निश्चित करताना न्यायाधीश एवढंच बघतात, की आरोपपत्रातलं साहित्य जसंच्या तसं धरलं तर प्रबळ संशय उभा राहतो का. तेव्हा उलटतपासणी झालेलीच नसते. शिक्षेसाठी मात्र गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, आणि ही जबाबदारी सरकार पक्षाची. 'वाजवी' संशय पुराव्यातूनच निघावा लागतो. उगाच काढलेली शंका चालत नाही.

प्रश्न : खून होताना कोणी पाहिलंच नसेल तर?

उत्तर : तरीही शिक्षा होते. प्रत्यक्षदर्शी नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून निघणाऱ्या, म्हणजेच परिस्थितीजन्य, पुराव्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या सारडा खटल्यात घालून दिली : प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध हवा, साखळी अखंड हवी आणि तिच्यातून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा निष्कर्ष निघता कामा नये.

साखळी तुटते ती बहुधा जप्तीत. समजा, कोठडीतला आरोपी म्हणाला, "ज्या कोयत्याने मारलं तो विहिरीमागे पुरलाय." भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २३ नुसार पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही. 'मारलं' गळतं, कोयता खरोखर तिथे सापडला तर 'पुरलाय' तेवढं राहतं. आता पंच फितूर झाले, पंचनाम्यात लाखेच्या सीलचा उल्लेख नाही, कोयता मालखान्यातून (पोलिसांच्या जप्तमालाच्या खोलीतून) प्रयोगशाळेत जाईपर्यंत कोणाच्या ताब्यात होता याची नोंद नाही, असं निघालं की त्यावरच्या रक्ताचा अहवाल दुबळा पडतो. कोयता सापडला ती जागा कोणीही ये-जा करील अशी उघडी असेल तर आणखीच. अशा तपासात पीडित कुटुंबावर होणारा अन्याय मोठा आहे. पण त्याची भरपाई अर्धवट पुराव्यावर कोणाला तरी तुरुंगात धाडून होत नाही.

प्रश्न : खटल्यात सुटलेल्या कर्मचाऱ्याला खात्याने बडतर्फ कसं केलं?

उत्तर : विभागीय चौकशीत, दिवाणी दाव्याप्रमाणेच, कोणती बाजू जास्त संभवनीय वाटते एवढंच पाहतात. त्यामुळे एकाच घटनेवर दोन निकाल येऊ शकतात. मात्र आरोप आणि साक्षीदार तेच असून न्यायालयाने पुरावा तपासून सन्मानपूर्वक मुक्तता केली असेल, तर बडतर्फीला आव्हान देता येतं. निकालपत्रात 'संशयाचा फायदा' (म्हणजे पुरावा पुरेसा नाही म्हणून सुटका) असेल तर ते अवघड जातं, म्हणून वकिलाकडे जाताना निकालपत्राची पूर्ण प्रत न्या.