पहिला पिक्चर झाला, आता फोन वाजत नाही

"पोरगी सिनेमाच्या नादानं बिघडली म्हणायचं, का आजारी आहे म्हणायचं?" आमच्याकडं समुपदेशनासाठी आलेल्या, बेळगावच्या अनगोळमधल्या एका आईचा हा प्रश्न. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांतून थोड्याफार फरकानं तो पुनःपुन्हा येतो. कोल्हापूर परिसरात मालिका-चित्रपटांची चित्रीकरणं चालतात आणि ऑडिशन आता फोनवरून घरबसल्या देता येते, त्यामुळे ज्या घरांत कधी कुणी रंगमंचावर चढलं नाही तिथंही 'आमच्या मुलीला काम मिळालंय' असं ऐकू येतं. पुढची हकीकत ओळख लागू नये म्हणून बदलली आहे. दोन-तीन घरांतलं त्यात एकत्र आलं आहे.

मुलगी सतरा वर्षांची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला म्हणजे बारावीला, कॉमर्स. वडील उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर, आई घरी शिलाई करते. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत तिला एका मराठी चित्रपटात नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम मिळालं. राधानगरीकडं वीस दिवस चित्रीकरण, साठ हजारांचं मानधन, परत आल्यावर गल्लीत शाल-श्रीफळ. त्यानंतर आठ महिने शांतता. पिक्चर लागला नाही, दुसरं काम आलं नाही. ती रात्री दोन-तीनपर्यंत फोन बघायची, सकाळी अकराला उठायची. भात-भाकरी बंद केली होती, दिवसातून एकदा काकडी आणि दोन अंडी.

मुलीशी एकटीशी बोलल्यावर पहिल्यांदा जे बाहेर आलं त्याचा अभिनयाशी संबंधच नव्हता. गणपतीत मंडपात गेली की प्रत्येक जण विचारायचा, "पिक्चर कधी येतंय गं?" पहिल्या दहा जणांना तिनं दिवाळी सांगितलं. दिवाळी गेली. मग तिनं बाहेर पडणंच सोडलं. कॉलेजला जाणं बंद केलं होतं त्याचं कारणही हेच, अभ्यासाचा कंटाळा नव्हे.

इथं घरच्यांना एक गोष्ट समजावून द्यावी लागते. चित्रीकरण संपणं म्हणजे चित्रपट संपणं नाही. त्यानंतर संकलन, मग कलाकाराला पुन्हा बोलावून डबिंग, पार्श्वसंगीत, ध्वनिमिश्रण, रंगदुरुस्ती, सेन्सॉरचं प्रमाणपत्र, आणि सगळं झाल्यावर थिएटर मिळण्याची वाट. मराठी चित्रपट तयार होऊन वर्ष-दीड वर्ष पडून राहणं नवीन नाही. छोट्या भूमिकेची दोन दृश्यं संकलनात उडू शकतात, आणि ते उडाल्याचं कलाकाराला बहुतेक वेळा पडद्यावरच कळतं. तारीख निर्माता ठरवतो, मुलीच्या हातात त्यातलं काही नाही. म्हणून एक वाक्य ठरवलं आणि आई, बाबा, आजी, सगळ्यांनी तेच बोलायचं ठरलं: "तिचं काम झालंय, तारीख निर्माते सांगतील." त्यापुढं एक शब्दही नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुढच्या आठवड्यात ती दुकानापर्यंत गेली.

शरीराची बाजू मात्र थांबण्यासारखी नव्हती. पाळी तीन महिने आली नव्हती. वजन झपाट्यानं उतरलेलं, पाळी तीन महिने बंद आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक-उत्साह गेलेला, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर समुपदेशन एका बाजूला चालू ठेवून आधी डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर त्याच दिवशी. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा चोवीस तासांचा विनाशुल्क क्रमांक आहे. या मुलीला औषध लागलं नाही. आहारतज्ज्ञाकडून तीन वेळचं साधं जेवण सुरू झालं आणि पाळी परत आली. 'कॅमेरा पाच किलो वाढवून दाखवतो' हे तिला सेटवर कुणीतरी ऐकवलं होतं. धाकट्या बहिणीच्या भूमिकेसाठी निवड झाली ती तेव्हाच्या अंगकाठीवर, हे तिच्या ध्यानात आणून द्यावं लागलं.

तिसऱ्या भेटीत खरी गाठ सुटली. समाजमाध्यमावरून एका 'कोऑर्डिनेटर'नं, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थानं, तिला मालिकेतली मुख्य भूमिका देऊ केली होती. नोंदणीसाठी पंधरा हजार घेतले. मग 'आर्टिस्ट कार्ड' आणि कपड्यांचं डिपॉझिट म्हणून आणखी चाळीस हजार मागितले. पंधरा हजार तिनं मामाकडून मैत्रिणीच्या नावावर उसने आणले होते. घरी का सांगितलं नाही? कारण राधानगरीला निघताना वडील म्हणाले होते, "काही वेडंवाकडं कानावर आलं की दुसऱ्या दिवशी घरी. मग पुन्हा नाव काढायचं नाही."

बहुतेक घरांत हाच नियम असतो, आणि तो काळजीपोटीच केलेला असतो. पण त्याचा परिणाम उलटा होतो. मुलीच्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा की घरी काहीही सांगितलं तर काम जाईल. मग सेटवर कुणी अंगाला हात लावला, रात्री बाराला 'चर्चेसाठी' हॉटेलवर बोलावलं, पैसे बुडवले, यातलं काहीच घरी पोचत नाही. फसवणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. 'घरी आत्ता सांगू नको, सरप्राइज दे' हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमच्या मते चित्रपटक्षेत्रातल्या मुलीच्या सुरक्षिततेचा निम्म्याहून जास्त भाग या एका नियमावर अवलंबून असतो. तो उलटा करायचा: जे सांगशील त्यासाठी काम बंद होणार नाही, लपवलंस तर पुढचं काम आपण दोघं बसून ठरवू.

वडिलांना हे पटायला दोन बैठका गेल्या. "हे आपल्यातल्या पोरींचं काम नव्हे," हे त्यांचं पहिलं वाक्य. आता ज्यांच्या पडद्यावरच्या आईपणावर दोन पिढ्या रडल्या त्या सुलोचनाबाई लाटकर चिकोडीकडच्या खडकलाटच्या, आणि त्यांचं अभिनयाचं शिक्षण झालं कोल्हापुरात दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली. म्हणजे 'आपल्यातलं' नाही असं म्हणायला जागा नाही. पण वडिलांच्या भीतीत एक तथ्य होतं. त्या काळी स्टुडिओ कलाकारांना महिन्याच्या पगारावर ठेवत. काम, शिक्षण आणि वडीलधाऱ्यांची नजर एकाच आवारात असे. आज प्रत्येक काम सुटं, प्रत्येक करार वेगळा, मधले महिने बिनपगारी. त्यामुळे तेव्हा स्टुडिओ जे सांभाळत असे ते आता घराला सांभाळावं लागतं, आणि त्यासाठी नुसता धाक पुरत नाही, माहिती लागते.

पैशाचं आधी. कास्टिंग करणाऱ्याला मानधन निर्माता देतो. कलाकाराकडून ऑडिशन, नोंदणी, कार्ड, कपडे, प्रवास या नावांखाली आगाऊ पैसे मागितले की तिथंच थांबायचं, अपवाद नाही. कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, साधारण दहा ते वीस टक्के, पण ते काम मिळून मानधन हाती आल्यावर, आणि त्यानंच आणलेल्या कामावर. खातरजमा करायची तर निर्मितीसंस्थेचा क्रमांक त्या माणसाकडून न घेता स्वतः शोधून तिथं विचारायचं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. इथं दोन महिने उलटले होते, पैसे परत आले नाहीत. तक्रार मात्र वडिलांनी स्वतः मुलीबरोबर जाऊन केली. ती पंधरा हजारांपेक्षा मोलाची ठरली.

कराराचं दुसरं. आपल्याकडं शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहिलं की ब्रह्मदेवाचं लिखाण अशी समजूत आहे. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीनं केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे टिकत नाही, म्हणून सही पालकांची घेतात. आणि पालक घाईत, सेटवर, उभ्या उभ्या सही करतात. आधी एक दिवस मागून घ्यावा. कामाचे दिवस किती, रोजचे तास किती, जादा दिवसाचे पैसे किती, डबिंगचे वेगळे का त्यातच, मानधनाचे हप्ते कधी, मुक्काम कुठं आणि सोबत राहणाऱ्या पालकाचा खर्च कुणाचा, कुठली दृश्यं करणार नाही, हे सगळं लिहिलेलं हवं. मालिकांत पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात. हे ठाऊक नसलेली घरं दुसऱ्याच महिन्यात उसनवारीला लागतात. 'तीन वर्षं फक्त आमच्यामार्फतच काम' अशी अट असेल तर बाहेर पडायची मुदत आणि नोटिशीचा काळ बघायचा, नाही तर सही करायची नाही.

चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम स्पष्ट आहेत. जिथं चित्रीकरण आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. चौदा ते अठराच्या मुलींना हेच आकडे लागू होत नाहीत. म्हणून पालकांनीच तासांची आणि ठेवीची अट करारात घालून घ्यायची. सेटवर छळ झाला तर कामाच्या जागी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. तिचे नाव-क्रमांक कामाच्या पहिल्या दिवशी विचारून घ्यावेत. अठराखालच्या मुलीबाबत पॉक्सो हा बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा लागतो, तिथं समितीची वाट बघत बसायचं नाही. पोलीस किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

शिक्षणावरून घरात सर्वांत मोठा वाद होता. मुलीचं म्हणणं, मोठ्या नट्या कुठं शिकल्यात? तिनं ज्यांचं नाव घेतलं त्या रिंकू राजगुरूनं 'सैराट'नंतर शाळेत जाणं अवघड झाल्यावर २०१७ मध्ये दहावी बाहेरून बसून दिली होती, सोडली नव्हती. दुसरं, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा (एफटीआयआय) अभिनय अभ्यासक्रम किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दोन्हीकडं पदवी लागते. बारावीनंतर लगेच जायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. आणि कन्नड चांगलं असेल, जे इथल्या मुलींचं असतंच, तर कर्नाटकातल्याच हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेचा वर्षभराचा नाट्यपदविका अभ्यासक्रम. मराठी-कन्नड दोन्ही सफाईनं बोलणारी नटी ही पुण्या-मुंबईत सहज न मिळणारी गोष्ट आहे, पण सीमाभागातली मुलं कन्नड येत असल्याचं ऑडिशनमध्ये सांगतच नाहीत. का कोण जाणे, बहुधा राजकारणानं. पीयूसीची सोयही आता बरी आहे: कर्नाटकात २०२४ पासून वर्षाला एकाहून जास्त परीक्षा होतात, पहिली चित्रीकरणात गेली तर दुसरी देता येते. पंचाहत्तर टक्के हजेरीचं मात्र प्राचार्यांशी आधीच लेखी बोलून ठेवावं लागतं.

मग उरले ते रिकामे महिने. ऑडिशनला 'नाही' असं उत्तर जवळपास कधीच येत नाही. शांतता हेच उत्तर. 'शॉर्टलिस्ट' म्हणजे काम नव्हे, लुक टेस्ट (भूमिकेचा वेश करून बघणं) म्हणजेही नव्हे, आणि 'लॉक' म्हणजे निवड पक्की झाल्यावरसुद्धा वाहिनी चेहरा बदलते. करारावर सही होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, आजीलासुद्धा नाही. मुलीनं एक वही केली: तारीख, कुणी मागितलं, कुठली भूमिका, काय पाठवलं. व्हिडिओ पाठवला की वहीत नोंद आणि फोन आईकडं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. समाजमाध्यमावरच्या प्रतिक्रिया ती स्वतः वाचत नाही, मावसबहीण वाचते. शिव्यांचे शब्द ॲपच्या गाळणीत घातले आहेत.

व्हिडिओ पाठवण्यातही तिच्या चुका होत्या, आणि त्या सुधारल्यावर नैराश्य थोडं कमी झालं, कारण हातात काहीतरी आलं. आधी ती फिल्टर लावून, खिडकीकडं पाठ करून, स्वतःच दोन्ही पात्रांचे संवाद म्हणत असे. खिडकी समोर हवी, मागं साधी भिंत, पंखा बंद, फोन आडवा आणि डोळ्यांच्या उंचीला. ओळख करून देताना लेन्समध्ये बघायचं: नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा, मग डावी-उजवी बाजू. दृश्य करताना लेन्सच्या किंचित बाजूला उभ्या माणसाकडं बघायचं, आणि समोरचे संवाद त्यानं सपाट आवाजात वाचायचे. इथं ते काम वडिलांकडं आलं. फौंड्रीतून आल्यावर ते चष्मा लावून खलनायकाचे संवाद हजेरीपट वाचावा तसे वाचतात, आणि या कामाला नेमकं तेच लागतं.

सध्या ती शाहापुरात एका हौशी नाट्यसंस्थेच्या तालमीला जाते आणि दुसऱ्या परीक्षेची तयारी करते. चित्रपट अजून लागलेला नाही. एक व्यवहार बाकी होता: साठ हजारांतून दहा टक्के टीडीएस (मानधन देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापला गेला तो वडिलांच्या पॅनवर, कारण तिचं पॅन नव्हतं. अल्पवयीन मुलांचं उत्पन्न एरवी पालकांच्या उत्पन्नात धरलं जातं, पण स्वतःच्या कलेवर मिळवलेलं स्वतंत्र राहतं. तेव्हा पालकांमार्फत तिचं पॅन काढलं, निर्मात्याच्या हिशेबनिसाकडून टीडीएसचं विवरण दुरुस्त करून घेतलं, आणि सहा हजारांच्या परताव्यासाठी तिच्या नावानं वडिलांच्या सहीचं विवरणपत्र भरलं. परतावा आला की मामाच्या पंधरा हजारांतले सहा फिटतील. उरलेले नऊ पुढच्या कामातून, असं तिनंच वहीच्या शेवटच्या पानावर मांडलं आहे.