डोकी मोजून भागत नाही का? माकडांची जनुकीय विविधता कशाला मोजतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिंतूरकडे वानरांनी हरभरा ठेवला नाही, आणि पेपरात येतं की दक्षिणेतलं सिंहपुच्छ माकड धोक्यात आहे, शास्त्रज्ञ त्याची जनुकीय विविधता तपासतायत. डोकी मोजली की भागत नाही का? आणि तिकडं कमी पडत असतील तर इथली नेऊन का सोडत नाहीत?

दुसरा भाग आधी उरकतो. तुमच्या शेतातलं काळ्या तोंडाचं वानर आणि ते माकड, दोन्हींची कुळं कधीच फाकलेली आहेत. आपलं वानर पाला पचवतं, त्याच्या पोटाची रचनाच तशी कप्प्याकप्प्यांची. देऊळ असो, बांध असो, पाण्याची टाकी असो, त्याला सगळं चालतं. माणसंही लाड करतात. धाराशिवजवळच्या उपळ्यात कागदोपत्री ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याची बातमी २०२२ साली देशभर फिरली होती. सिंहपुच्छ माकडाचे असे लाड कुणी केले नाहीत. ते सदाहरित जंगलाच्या शेंड्यांवर राहतं, मुख्यतः फळं आणि किडे खातं, आणि केरळ, तमिळनाडू, कर्नाटकातला पश्चिम घाट सोडला तर जगात कुठंही रानात सापडत नाही. रानातली एकूण संख्या चार हजारांच्या आसपास धरतात. इथलं वानर तिथं सोडून त्यात एकाचीही भर पडणार नाही.

आता मुख्य प्रश्न. मी उदगीरला प्राणिशास्त्र शिकवतो, आणि आमच्या भागातल्या पोरांना हे शिकवायला देवणी गाय पुरते. गावात गायी शंभर आणि वळू एकच असला तर वासरं भरपूर होतील, पण सगळी एका बापाची, म्हणजे जनुकांचे वेगवेगळे प्रकार, म्हणजेच जनुकीय विविधता, कमी. म्हणून जाणता माणूस वळू बदलतो. सिंहपुच्छ माकडाच्या टोळीत बहुतेक वेळा मोठा नर एकच असतो, माद्या अनेक. याचं गणित सोपं आहे: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. एक नर आणि नऊ माद्या असतील तर छत्तीस भागिले दहा, म्हणजे ३.६. डोकी मोजणारा वहीत दहा लिहील, जनुकांच्या हिशेबात ती टोळी साडेतीनच्या घरात. या आकड्याला परिणामकारक संख्या म्हणतात. ती ५० असली तर बाहेरून कुणी न आल्यास दर पिढीला विविधतेतला सुमारे १ टक्का गळतो. ५ असली तर १० टक्के. आणि गळालेलं परत येत नाही. नवे बदल डीएनएत होत राहतात, पण ती भरपाई हजारो वर्षांची गोष्ट आहे.

सलग जंगलात ही कसर भरून निघते, कारण नर वयात आला की जन्माची टोळी सोडतो आणि दुसरीकडं शिरतो. माद्या मात्र आईच्याच टोळीत राहतात. सगळी गोम इथं आहे. मधलं जंगल तुटलं तर नराला जायला वाटच नाही. हे माकड जमिनीवर उतरायला नाखूश. चहाचा मळा म्हणजे त्याच्यासाठी उघडं मैदान. तमिळनाडूत अनामलाई डोंगरात वालपराईच्या पठारावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चहा-कॉफीसाठी जंगल तोडलं गेलं, आणि मधेमधे उरलेल्या तुकड्यांत या टोळ्या अडकल्या.

त्या माकडांना न पकडता तपासतात कसं, हे पोरं हमखास विचारतात. विष्ठेवरून. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी लेंडीला चिकटून बाहेर पडतात आणि त्या जास्त करून वरच्या पापुद्र्यावर असतात. म्हणून ताजी लेंडी शोधायची, आतला भुसा सोडून वरचा चकाकता थर काडीनं खरवडायचा आणि अल्कोहोल भरलेल्या नळीत टाकायचा. उन्हात सुकलेली किंवा पावसात भिजलेली असली की डीएनएचे तुकडे पडलेले असतात आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) करूनही हाती काही लागत नाही. त्यातून डीएनए निघाला तरी त्यात जंतूंचा, खाल्लेल्या फळांचा असा सगळा काला असतो. त्यातला फक्त माकडाचा नेमका भाग वाढवून घ्यावा लागतो.

हे काम आपल्यापासून फार लांब झालेलं नाही. हैदराबादला सीसीएमबी या पेशी आणि रेणूंचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेची लॅकोन्स नावाची प्रयोगशाळा आहे, धोक्यातल्या प्राण्यांसाठीच काढलेली. तिथल्या आणि इतर संस्थांमधल्या संशोधकांचा सिंहपुच्छ माकडावरचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातला, डीएनए वाचला. हा फक्त आईकडून येतो, आणि माद्या टोळी सोडत नाहीत, त्यामुळं तुकड्यात अडकलेल्या टोळीत त्याची विविधता वाढायला वावच नसतो. झालंही तसंच: अनामलाईतल्या तुटक तुकड्यांतल्या टोळ्यांत ही विविधता मोठ्या, सलग जंगलातल्या टोळ्यांपेक्षा कमी निघाली. वालपराईजवळच्या पुदुथोट्टमसारख्या लहानशा तुकड्यात माकडांची संख्या गेल्या काही दशकांत चांगली वाढलीय, इतकी की ती गावात, घरांच्या छपरांवर येतात. नुसती डोकी मोजणारा तिथं खूश होऊन परत येईल.

त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट निघाली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कोइमतूरहून केरळात शिरताना रेल्वे ज्या पालघाट खिंडीतून जाते, ती सुमारे ३० किलोमीटर रुंद खिंड या माकडांना ओलांडता आलेली नाही. तिच्या उत्तरेची आणि दक्षिणेची माकडं सुमारे २१ लाख वर्षांपूर्वीच वेगळी झालेली दिसतात. माणूस तेव्हा भारतात आलाही नव्हता. म्हणजे इथं वळूचा हिशेब आंधळेपणानं लावता येत नाही. खिंडीच्या दक्षिणेला असलेल्या अनामलाईत विविधता कमी पडली म्हणून उत्तरेच्या कर्नाटकातून नर आणून सोडणं धोक्याचं: इतकी वर्षं वेगळं राहिलेल्यांची संतती दोन्हीकडं कमजोर निघू शकते, आणि दोन वेगळे वारसे मिसळून जातील ते वेगळंच. प्राणिसंग्रहालयात जोड्या लावतानाही कोण कुठल्या बाजूचं हे आधी बघायला हवं. डोकी मोजून हे कधीच कळलं नसतं.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर एकतर्फी बोलतात. विविधता कमी म्हणजे जात संपलीच, असं नाही. आफ्रिकेतल्या डोंगरी गोरिलांचा जनुकसंच, म्हणजे सगळा डीएनए, २०१५ साली वाचला तर सुमारे एक तृतीयांश भागात आईकडची आणि बापाकडची प्रत सारखीच निघाली, इतकी त्यांच्यात जवळच्या नात्यात पैदास झालेली. तरी पहारा आणि डॉक्टर दोन्ही मिळाल्यावर त्यांची संख्या वाढत २०१८ पर्यंत हजाराच्या वर गेली. आणि २०२३ साली दोनशेहून अधिक वानरवर्गीय जातींचे जनुकसंच एकत्र तपासले, तेव्हा विविधता आणि नामशेष होण्याचा धोका यांचा सरळ मेळ लागलाच नाही. मला यात नवल वाटत नाही. या प्राण्यांच्या पिढ्या लांब. सिंहपुच्छ मादीला पहिलं पिल्लू सहा-सात वर्षांची झाल्यावर होतं, पुढच्या दोन पिल्लांत अडीच-तीन वर्षांचं अंतर. जंगल पाच वर्षांत तुटतं, जनुकांत ते दिसायला कित्येक पिढ्या जातात. त्यामुळं विविधता चांगली निघाली म्हणून 'सगळं ठीक' असा दाखला कुणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

मग उपाय काय? वालपराईत रस्त्यावर झाडांच्या शेंड्यांना बांधलेले झुलते पूल केलेत, आणि गाडीखाली मरणारी माकडं वाचवायला ते हवेतच. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच टोळी फिरत असेल तर त्या पुलावरून रोज पन्नास माकडं गेली तरी जनुकांच्या खात्यात काही जमा होत नाही. त्यासाठी शेजारच्या तुकड्यातला, खिंडीच्या त्याच बाजूचा नर यायला हवा, म्हणजे दोन तुकड्यांमधल्या मळ्यांतून देशी झाडांची सलग ओळ वाढवायला हवी, आणि ती मळेवाल्यांच्या संमतीशिवाय होत नाही. जनुकशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: दर पिढीला बाहेरचा एक जरी आला आणि त्याची पिल्लं झाली, तरी तुकडा पार एकटा पडत नाही. या माकडांची पिढी दहा वर्षांहून मोठी धरतात. एवढ्या काळात एक नर.