एओएच्या रेसिडेन्सी एसीजीएमईकडे गेल्या, म्हणजे नेमकं काय झालं आणि आज काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पेनसिल्व्हेनियात डीओच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथिक डॉक्टरीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे, भाचा नागपूरहून एमबीबीएस करून स्टेप परीक्षा (तिथल्या लायसन्सच्या यूएसएमएलई परीक्षा) देतोय. दोघांच्याही यादीत पूर्वी 'ऑस्टिओपॅथिक' म्हणवणाऱ्या काही रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) आहेत. जुन्या पानांवर एओए मॅच (मॅच म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप), ओजीएमई-१, रोटेटिंग इंटर्नशिप असले शब्द दिसतात. यातलं आता काय उरलंय, आणि अशा प्रोग्रॅमवर भरवसा ठेवावा का?

आधी एक गोंधळ मिटवू. भारतात किंवा इंग्लंडात ऑस्टिओपॅथ म्हणजे हाताने सांध्या-स्नायूंवर उपचार करणारा. अमेरिकेतला डीओ मात्र पुरा डॉक्टर असतो. तो औषधं लिहितो, ऑपरेशन करतो, पन्नासही राज्यांत लायसन्स घेऊ शकतो. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं, आणि पुढे ही शाखा एमडींना समांतर वाढली. रेसिडेन्सीही वेगळ्या. डीओंच्या रेसिडेन्सीला अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशन, म्हणजे एओए, मान्यता द्यायची. बाकी सगळ्यांना एसीजीएमई ही दुसरी संस्था. डीओला दोन्ही दारं उघडी होती, एमडीला एओएचं दार बंद. भाच्याचा संबंध इथे येतो, त्यावर शेवटी लिहितो.

एकत्र यायची वेळ आली ती फेलोशिपमुळे, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या उपविशेषतेच्या प्रशिक्षणामुळे. प्रवेशाचे निकष कडक करताना एसीजीएमईने असा प्रस्ताव ठेवला होता की पुढच्या फेलोशिपला फक्त आपल्या मान्यतेच्या रेसिडेन्सीतून आलेलेच घ्यायचे. तो तसाच लागू झाला असता तर एओएच्या इंटर्नल मेडिसिनमधून बाहेर पडलेल्या डीओला कार्डिऑलॉजी करणं अवघड झालं असतं. मग वाटाघाटी झाल्या, एकदा फिसकटल्या, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये एओए, एसीजीएमई आणि ऑस्टिओपॅथिक कॉलेजांची संघटना यांनी करार जाहीर केला. मुदत १ जुलै २०१५ ते ३० जून २०२०. त्यानंतर एकच मान्यता.

बऱ्याच जणांना वाटतं की हा नुसता पाटी बदलण्याचा प्रकार होता. तसं नव्हतं. प्रत्येक प्रोग्रॅमला नव्याने अर्ज करून मान्यता मिळवावी लागली, आणि त्यातही क्रम ठरलेला होता. आधी संस्था, मग प्रोग्रॅम. हॉस्पिटलने किंवा कॉलेजने प्रायोजक संस्था म्हणून अर्ज केल्याशिवाय तिच्या फॅमिली मेडिसिनचा अर्ज पुढे सरकत नसे. संस्थेला डीआयओ म्हणजे सगळ्या रेसिडेन्सींची जबाबदारी घेणारा अधिकारी नेमावा लागतो. शिवाय जीएमईसी ही रेसिडेन्सींवर देखरेख करणारी समिती तिमाहीतून किमान एकदा बसायला हवी आणि तिच्यात रेसिडेंटांनी निवडलेले रेसिडेंटही हवेत. एओएच्या जमान्यात यातलं बरंचसं काम ओपीटीआय नावाची, कॉलेज आणि अनेक हॉस्पिटलांना जोडणारी संस्था सांभाळायची. काही ओपीटीआय स्वतःच प्रायोजक झाल्या, बाकी ठिकाणी हॉस्पिटलांना हा सगळा संसार नव्याने मांडावा लागला.

प्रोग्रॅमचा अर्ज दाखल झाला की 'प्री-अ‍ॅक्रेडिटेशन' हा दर्जा मिळायचा. हा शब्द फार फसवा. अर्ज पूर्ण भरून पोचला, एवढाच त्याचा अर्थ, तपासणी झालेली नसे. मग त्या विषयाची रिव्ह्यू कमिटी कागद बघायची, साइट व्हिजिट व्हायची, आणि दोनपैकी एक निकाल लागायचा: 'इनिशियल अ‍ॅक्रेडिटेशन', किंवा त्रुटींची यादी हातात देऊन 'कंटिन्यूड प्री-अ‍ॅक्रेडिटेशन'. दुसरा निकाल म्हणजे नापास नव्हे. त्रुटी दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता यायचा, फक्त ३० जून २०२० च्या आत.

अडकले कुठे, हे समजून घ्या, कारण आजही कमकुवत प्रोग्रॅम तिथेच अडकतात.

पहिली अडचण आकाराची. एओएचे कित्येक प्रोग्रॅम लहान गावातल्या मध्यम हॉस्पिटलांत होते, वर्षाला दोन-तीन रेसिडेंट. त्या वेळच्या नियमांत फॅमिली मेडिसिनला प्रत्येक वर्षात किमान चार रेसिडेंट अपेक्षित होते, आणि प्रत्येकाने तीन वर्षांत क्लिनिकमध्ये १,६५० रुग्णभेटी करायच्या. (२०२३ च्या सुधारणेत हा मोजणीचा नियम गेला, आता क्लिनिकमधले १,००० तास धरतात.) इमर्जन्सी मेडिसिनला मुख्य हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत वर्षाला ३०,००० रुग्ण लागतात. जनरल सर्जरीच्या रेसिडेंटला पाच वर्षांत ८५० मोठी ऑपरेशन्स नोंदवायची असतात, त्यातली २०० शेवटच्या वर्षात. हे आकडे कागदावर आणता येत नाहीत. गावात तेवढे रुग्णच नसतील तर दुसऱ्या हॉस्पिटलशी करार करायचा, नाहीतर प्रोग्रॅम मिटवायचा. बंद पडलेल्यांत वाईट शिकवणारे होतेच असं नाही.

दुसरी अडचण संशोधनाची, म्हणजे 'स्कॉलरली अ‍ॅक्टिव्हिटी'ची. सकाळी सहाला राउंड, दिवसभर ओपीडी, अशा चांगल्या शिकवणाऱ्या डॉक्टरांच्या नावावर पाच वर्षांत एकही पेपर नाही. कमिटी रेसिडेंटांचं आणि फॅकल्टीचं वेगवेगळं मोजते. अर्जाच्या आदल्या वर्षी घाईने चार पोस्टर लावून भागत नाही, कारण तक्त्यात प्रत्येक फॅकल्टीच्या नावापुढची रिकामी घरं दिसतातच.

तिसरी अडचण किरकोळ वाटते, पण त्रुटींच्या यादीत हटकून येते: रोटेशनचे करार. समजा रेसिडेंट दोन महिने मुलांच्या विभागासाठी शेजारच्या शहरात जातो. दोन हॉस्पिटलांमधला ढोबळ करार तिथे पुरत नाही. त्या रोटेशनचं वेगळं पत्र लागतं, ज्याला पीएलए म्हणतात. तिथे जबाबदार डॉक्टर कोण, शिकवणं, देखरेख आणि मूल्यमापन कोण करणार, रोटेशन किती आठवड्यांचं आणि त्यात काय शिकायचं, कोणाचे नियम चालणार, हे सगळं त्यात हवं. तिथला डॉक्टर नोकरी सोडून गेला आणि पत्रावर त्याचंच नाव राहिलं, की साइट व्हिजिटला ते सापडतंच.

चौथी, मूल्यमापनाची पद्धत. एसीजीएमईत दर सहा महिन्यांनी प्रत्येक रेसिडेंटचे 'माइलस्टोन', म्हणजे प्रगतीचे टप्पेवार गुण, भरतात, आणि ते किमान तीन सदस्यांच्या समितीने एकत्र बसून. डायरेक्टरने एकट्याने संध्याकाळी बसून भरलेले फॉर्म ओळखू येतात, सगळ्यांना सगळीकडे एकच गुण असतात.

प्रोग्रॅम डायरेक्टरच्या बोर्डाचाही, म्हणजे विशेषज्ञ म्हणून प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचं याचाही, वाद होता. एओएच्या बोर्डाचं प्रमाणपत्र असलेल्या डायरेक्टरबरोबर एमडींच्या, म्हणजे एबीएमएस, बोर्डाचा सह-डायरेक्टर ठेवावा लागेल, अशी तरतूद सुरुवातीला होती. लहान हॉस्पिटलांना हा दुहेरी पगार जड जायचा, आणि डीओंच्या मानालाही ते लागलं. २०१९ पासूनच्या सामाईक नियमांत एओएचं प्रमाणपत्रही ग्राह्य धरलं.

आता जुन्या शब्दांकडे. एओएची स्वतंत्र मॅच २०१९ मध्ये शेवटची झाली, २०२० पासून एमडी-डीओ दोघंही एनआरएमपी या संस्थेच्या एकाच मॅचमध्ये आहेत. त्या पहिल्या वर्षी शेवटच्या वर्षातल्या डीओ विद्यार्थ्यांपैकी ९०.७ टक्के मॅच झाले, म्हणजे ज्या आकांताची भीती होती तसं घडलं नाही. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाला ओजीएमई-१ ऐवजी आता पीजीवाय-१ म्हणतात. रोटेटिंग इंटर्नशिप संपली, त्यातल्या काहींची ट्रान्झिशनल इयर (एका वर्षाचं सर्वसाधारण प्रशिक्षण) झाली. पेनसिल्व्हेनियासह काही राज्यांत डीओला लायसन्ससाठी एओएची इंटर्नशिप लागायची, म्हणून जुन्या पानांवर तसा सल्ला दिसतो. तो डोळे झाकून पाळू नका. तिथे डीओंसाठी वेगळं लायसन्स बोर्ड आहे, सध्याची अट त्यांच्याकडूनच वाचून घ्या.

ऑस्टिओपॅथीचा शिक्का आज दोन ठिकाणी उरलाय. एक म्हणजे ऑस्टिओपॅथिक न्यूरोमस्क्युलोस्केलेटल मेडिसिन ही स्वतंत्र रेसिडेन्सी. दुसरा, कोणत्याही विषयाच्या प्रोग्रॅमला मागता येणारं 'ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन'. त्यासाठी ऑस्टिओपॅथिक शिक्षणाचा डायरेक्टर, आणखी किमान एक फॅकल्टी आणि ओएमटीचा म्हणजे हस्तोपचाराचा रुग्णांवर चालणारा सराव लागतो. मुलीला हात चालू ठेवायचे असतील तर मुलाखतीत विचारावं: ओएमटी क्लिनिक आठवड्यातून किती वेळा भरतं, आणि देखरेखीला खोलीत कोण असतं? 'आम्ही डीओ-फ्रेंडली आहोत' हे त्याचं उत्तर नव्हे.

प्रोग्रॅम तपासायला एसीजीएमईच्या सार्वजनिक यादीत नाव शोधा. 'कंटिन्यूड अ‍ॅक्रेडिटेशन' असेल तर ठीक. 'विथ वॉर्निंग' किंवा 'प्रोबेशनरी' असेल तर नेमकी त्रुटी काय आणि दुरुस्ती कुठवर आली, हे सरळ विचारा. विचारल्यावर कानकोंडे होत असतील तर यादीत खाली सरकवा. 'पूर्वी एओएचा होता' एवढ्यावरून मात्र काही ठरत नाही. जो २०२० ची चाळणी ओलांडून आला, त्याचे कागद एरवी कोणी इतक्या बारकाईने पाहिले नसते.

परीक्षेचं म्हणाल तर कॉमलेक्स, म्हणजे डीओंची स्वतंत्र परीक्षा, मुलीला द्यावीच लागते, पदवी आणि लायसन्स त्यावर आहे. मान्यता एक झाली तरी परीक्षा एक झाल्या नाहीत. काही प्रोग्रॅम अजून यूएसएमएलईचे गुण मागतात. स्टेप १ आणि कॉमलेक्स लेव्हल १ दोन्ही २०२२ पासून पास-नापास झाल्यामुळे आता सगळा भार स्टेप २ आणि लेव्हल २ वर आलाय. स्पर्धेच्या विषयाकडे जायचं असेल तर स्टेप २ द्यावी असं माझं मत. फॅमिली मेडिसिन पक्कं असेल तर यादीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमची अट बघून ठरवा, फी आणि तयारीचे महिने दोन्ही वाचू शकतात.

आणि भाचा. पूर्वीच्या एओए रेसिडेन्सीत परदेशातला एमबीबीएस बसूच शकत नव्हता, आता ईसीएफएमजीच्या, म्हणजे परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेच्या, प्रमाणपत्रावर अर्ज करता येतो. पण दार उघडं असणं आणि आत बोलावणं वेगळं. अशा बऱ्याच प्रोग्रॅममध्ये जवळच्या डीओ कॉलेजची मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी रोटेशन करून गेलेली असतात, जागा बहुतेक त्यांच्यातच वाटल्या जातात. म्हणून त्याने वेबसाइटवरचे चालू रेसिडेंट बघावेत. तिन्ही वर्षांत एकही परदेशी पदवीधर नसेल तर तिथली फी वाचवावी. असेल तर व्हिसा कोणता देतात तेही विचारून घ्यावं, कारण बऱ्याच ठिकाणी फक्त जे-१ (प्रशिक्षणासाठीचा व्हिसा) मिळतो. जिथे ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन आहे तिथेही एमडी किंवा एमबीबीएसला अर्ज करता येतो. ऑस्टिओपॅथिक जागेवर यायचं असेल तर मूलभूत तत्त्वांची पूर्वतयारी लागते, ती कशी करून घेतात हे प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला ईमेलवर विचारलं की कळतं.